निर्धन रुग्ण निधीचा हिशेब आणि संगणकाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या

या अहवालाच्या हिशेबपत्रकांत ‘निर्धन रुग्ण निधी’ हे खाते वाचकांच्या पाहण्यात येईल. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार १ सप्टेंबर २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम या निधीत जमा होते व त्यातून गरिबांच्या उपचारांचा खर्च भागतो. धडगाव, तळोदा किंवा सीमेपलीकडील खेतिया भागातून शहाद्यास येणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही २ टक्क्यांची बेरीज बिनचूक असणे फार महत्त्वाचे आहे.

ही बेरीज आमच्याकडे एक्सेलच्या वहीत होते. दर महिन्यास तीच ती कामे हाताने करावी लागू नयेत म्हणून त्यांच्या आज्ञा क्रमाने लिहून ठेवलेल्या असतात. त्या मालिकेस मॅक्रो म्हणतात. अडचण अशी की धर्मादाय संस्थेचे संगणक एकाच वर्षी खरेदी झालेले नसतात. कोणी २००५ साली दिला, कोणी गेल्या वर्षी. बिलाच्या खिडकीवर एक्सेल २००३ आणि लेखा विभागात अगदी नवी आवृत्ती, अशी स्थिती असते. मॅक्रो दोन्हीकडे चालला पाहिजे आणि दोन्हीकडे त्याचे उत्तर एकच आले पाहिजे.

एक्सेल २००३ च्या पानावर ६५,५३६ ओळी मावत. २००७ पासून १०,४८,५७६ मावतात. औषध, तपासणी, खाट अशी बिलातील प्रत्येक बाब एक ओळ घेते. दिवसाला २०० ओळी धरल्या तर एप्रिलपासून सुमारे ३२८ दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, जुने पान भरते. मॅक्रोत ‘६५,५३६ पर्यंत पाहा’ असा आकडा लिहिलेला असेल, तर नव्या वहीत त्याखाली असलेली मार्च महिन्याची बिले त्याच्या दृष्टीसच पडत नाहीत. तो थांबत नाही, तक्रारही करीत नाही. केवळ कमी बेरीज देतो, आणि तेवढी रक्कम निर्धनांच्या खात्यात जमा होत नाही. म्हणून आम्ही ओळींची संख्या आकड्यात लिहीत नाही. ‘या पानाच्या एकूण ओळी किती’ हे मॅक्रोने त्या त्या आवृत्तीलाच विचारावयाचे, अशी आज्ञा ठेवली आहे. जुन्या संगणकावर पान भरत आले की महिनेवार वेगळ्या वह्या केल्या जातात.

याउलट ओळी मोजण्यासाठी ‘इंटिजर’ या प्रकाराचा गणक ठेवला तर तो ३२,७६७ च्या पुढे जाऊ शकत नाही आणि मॅक्रो चुकीचा संदेश देऊन थांबतो. त्या जागी ‘लाँग’ लिहिले की काम भागते. थांबणारा मॅक्रो आम्हांस तितकासा त्रासदायक वाटत नाही. निमूटपणे चुकीचे उत्तर देणारा मात्र वाटतो. त्यामुळेच ‘चूक आली तरी पुढे चला’ ही आज्ञा हिशेबाच्या मॅक्रोत आम्ही वर्ज्य मानली आहे, जरी ती लिहिणाऱ्यास सोयीची असली तरी.

नव्या सूत्रांचा मोहही आवरावा लागतो. ‘इफएरर’ हे सूत्र २००७ पूर्वी नव्हते आणि ‘एक्सलुकअप’ तर २०१९ च्या आवृत्तीतही नाही. दर शोधण्यासाठी आम्ही ‘इंडेक्स’ व ‘मॅच’ ही जुनी जोडीच वापरतो. ती सर्वत्र चालते. आवृत्तीचा क्रमांक पाहून मार्ग ठरवावा असे वाटते खरे, परंतु २०१६, २०१९, २०२१ या तिन्ही आवृत्त्या आपला क्रमांक १६ असाच सांगतात. तेव्हा क्रमांकावर विसंबण्यापेक्षा सर्वांना ठाऊक असलेल्या आज्ञाच वापरणे बरे. विंडोजच्या अंतर्गत सेवा बोलावणाऱ्या ओळी तेवढ्या दोन प्रकारे लिहाव्या लागतात, कारण ऑफिस २०१० पासून आलेल्या ६४-बिट आवृत्तीस त्यात ‘पीटीआरसेफ’ हा शब्द लागतो आणि जुन्या आवृत्तीस तो समजत नाही.

मराठीचा प्रश्न स्वतंत्रच आहे. मॅक्रो लिहिण्याच्या खिडकीत देवनागरी अक्षरे टंकली तर बहुधा प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून विभागांची नावे व सूचना वहीच्या एका पानावर लिहून मॅक्रोने तेथून वाचावयाच्या, अशी व्यवस्था आहे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेले नाव युनिकोडमधील त्याच नावाशी जुळत नाही. एकाच मातेची दोन खाती होण्याचा धोका त्यात असतो. यासाठी रुग्णाचा शोध नावाने न घेता नोंदणी क्रमांकानेच घेतला जातो.

कोणताही बदल केल्यावर, ज्या महिन्याची बेरीज रोजकीर्दीवरून हाताने पडताळलेली आहे, तो महिना सर्वांत जुन्या व सर्वांत नव्या संगणकावर चालवून पाहिला जातो. तिन्ही आकडे रुपया-पैशासह जुळल्याखेरीज नवा मॅक्रो वापरात येत नाही. एक्सेल २००३ ची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ पासून बंद झाल्याने तो संगणक इंटरनेटला जोडलेला नाही. बाहेर पाठवावयाचे मासिक विवरण मॅक्रोविना असते. टपालाने आलेल्या वह्यांतील मॅक्रो २०२२ पासून नव्या आवृत्त्या आपोआप रोखतात, हेही त्याचे एक कारण.

संगणक देऊ इच्छिणाऱ्या दात्यांनी त्यासोबत ऑफिसची आवृत्ती व परवान्याचे कागद द्यावेत, ही विनंती. रुग्णाच्या नातेवाइकांनी पावतीवरील नोंदणी क्रमांक जपून ठेवावा. तो सांगितल्यास आपल्या बिलाची व निधीतून मिळालेल्या सवलतीची नोंद लेखा विभागात कोणत्याही कामाच्या दिवशी पाहावयास मिळेल.