चौकट : चार चिंचांच्या नावाची वसाहत

मंत्री व सनदी अधिकारी यांच्या बंगल्यांमुळे ख्यात झालेल्या भोपाळातील या वसाहतीच्या ‘चार इमली’ या नावात चार चिंचा उभ्या आहेत. आणि १९५६ साली मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळात आल्यानंतर आसपास ज्या सरकारी वसाहती उठल्या, त्यांचीही खरी दौलत दगडविटांची घरे नसून त्यांच्या अंगणांतील वृक्षराजीच होय. म्हणूनच जून २०२४ मध्ये, नजीकच्या शिवाजीनगर व तुलसीनगर येथील जुनी निवासस्थाने पाडून मंत्री व आमदार यांच्यासाठी नवी बांधण्याच्या तजविजीत सुमारे २९,००० झाडांवर कुऱ्हाड पडणार, असे कळताच नागरिकांनी, त्यांतही स्त्रियांनी, वृक्षांना आलिंगने देऊन निषेध नोंदविला, व सरकारास ती तजवीज सोडून द्यावी लागली. (दफ्तरातील कागद मिठीपुढे नमतो, हे दृश्य तसे विरळाच!)

उद्यानप्रेमींचा याहून सौम्य उद्योग म्हणजे मध्यप्रदेश रोझ सोसायटीचे गुलाब-प्रदर्शन. ते उद्यानिकी खात्याच्या सहकार्याने, लिंक रोड क्रमांक १ वरील शासकीय गुलाब उद्यानात, बहुधा जानेवारीत भरते.