जुन्या घाटाच्या नव्या स्कूटरी

गोलसर पोट, पायांपुढे आडोसा धरणारा रुंद पत्रा, हँडलातच बसवलेला दिवा आणि कडेने फिरणारी क्रोमची चकाकती पट्टी असा जो घाट वेस्पा आणि लॅम्ब्रेटा या दोन इटालियन स्कूटरींनी दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ केला, तोच अंगावर घेऊन गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बऱ्याच नव्या स्कूटरी युरोप-अमेरिकेच्या बाजारात उतरल्या असून त्यांतल्या कितीतरी चीन, तैवान किंवा भारतातल्या कारखान्यांतून गेलेल्या आहेत. त्यांच्याबद्दलच्या तक्रारींना एक ठरावीक वळण आहे. इंजिन बसले किंवा सांगाडा मोडला असे त्या मानाने कमी ऐकू येते. ऐकू येते ते असे, की मीठ टाकलेल्या रस्त्यांवरच्या एकाच हिवाळ्यात बोल्टांची डोकी तांबूस झाली, क्रोमला पुळ्या आल्या, एका बाजूचे पॅनेल खडखडू लागले, इंडिकेटर मनाला येईल तेव्हाच लागतो आणि टाकी भरलेली असतानाही पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला असतो. एकेकटी पाहिली तर ही किरकोळ दुखणी आहेत, पण चांगली किंमत मोजून नवी गाडी घेणाऱ्याला ती पहिल्याच वर्षी ओळीने भेटू लागली, की त्यांच्यामागे निष्काळजीपणापेक्षा अधिक पद्धतशीर असे काही असावे असे मानणे भाग पडते. आणि तसे ते आहेही. अशा गाडीत पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा, हे दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाची नजर ठरवते.

मूळ वेस्पात घाट ही सजावट नव्हती. २३ एप्रिल १९४६ रोजी पियाजिओ कंपनीने तिच्या पेटंटसाठी फ्लॉरेन्समध्ये अर्ज केला. तिचा आराखडा करणारे कोर्रादिनो द'अस्कानिओ हे विमाने आणि हेलिकॉप्टर यांचे अभियंता होते आणि पत्र्याला बाक देऊन त्यालाच भार पेलायला लावण्याची विमानबांधणीतली रीत त्यांनी स्कूटरीत आणली. या बांधणीला मोनोकॉक म्हणतात. तिच्यात आत वेगळा सांगाडा नसतो, बाहेरून दिसणारे कवचच सांगाड्याचे काम करते. इंजिन आणि गिअरपेटी थेट मागच्या चाकाशी जोडल्यामुळे साखळी आणि तिचे तेलकट डाग दोन्ही गेले, त्या इंजिनला झाकायला पोट फुगले आणि पुढचे चाक एकाच बाजूने धरल्यामुळे पंक्चर झाल्यावर ते मोटारीच्या चाकासारखे काढता आले. लॅम्ब्रेटाची रचना मात्र नळीचा सांगाडा आणि त्यावर पत्र्याची झाकणे अशी होती, म्हणजे कवच आणि सांगाडा यांची फारकत आजची नव्हे. पण तिथेही झाकण आणि त्याखालचे यंत्र एकाच कारखान्याने एकमेकांसाठी घडवलेले होते.

नव्या स्कूटरींपैकी स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेकींत ही सोयरीक उरलेली नाही. त्यांच्या पोटात बहुधा जीवाय६ या नावाने ओळखले जाणारे इंजिन असते. होंडाच्या जुन्या रचनेवरून तैवानमध्ये रूढ झालेले आणि नंतर चीनमधल्या असंख्य कारखान्यांनी उचललेले हे हवेवर थंड होणारे, एका सिलिंडरचे, चार-स्ट्रोक इंजिन आहे. त्याच्या जोडीला सीव्हीटी, म्हणजे दोन कप्प्यांवरून फिरणाऱ्या पट्ट्याने गिअर न बदलता वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा, असते. इंजिन म्हणून ते वाईट नाही आणि नीट बनवले तर दीर्घकाळ चालते. अडचण अशी की कारखाना हे इंजिन, नळीचा सांगाडा, दिवे, वायरिंग हे सारे निरनिराळ्या पुरवठादारांकडून घेतो आणि त्यावर जुन्या घाटाचे प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे कवच चढवतो, आणि तीच गाडी वेगवेगळ्या देशांतले आयातदार वेगवेगळ्या नावांनी विकतात. या धंद्यात खरे भांडवल असते ते घाटाचे. पियाजिओ आणि चीनची झेजियांग झोंगनेंग ही कंपनी यांच्यातला वाद युरोपीय संघाच्या जनरल कोर्टापुढे गेला, तेव्हा २०१९ मध्ये न्यायालयाने चिनी स्कूटरीची रचना वेस्पा एलएक्सहून पुरेशी वेगळी असल्याचे ठरवले. त्या खटल्यात वाद होता तो बाह्यरूपाचा, पत्र्याआडच्या बोल्टाचा नव्हे.

या काटकसरीचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे क्रोम. जी चकाकी क्रोमची म्हणून ओळखली जाते, ती मुख्यतः तिच्याखालच्या निकेलची असते. वरचा क्रोमचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी असतो, त्यात सूक्ष्म छिद्रे आणि भेगा असतात आणि लोखंडापर्यंत पाणी पोचू न देण्याचे काम निकेललाच करावे लागते. उघड्यावर वापरायच्या वस्तूला निकेलचा थर वीस-तीस मायक्रॉन तरी हवा, पण तो दहावर आणला तरी दुकानात आरसा तितकाच लखलखतो. फरक कळतो तो पुढे, जेव्हा छिद्रांतून शिरलेला ओलावा खालच्या पोलादाला गंजवतो आणि तो गंज फुगून चकाकत्या थराला आतून उचलतो. पुळी आली म्हणजे क्रोम बिघडले असे समजतात. बिघडलेले असते ते निकेल, आणि त्याहून खरे सांगायचे तर निकेलचा हिशेब.

रंगाचेही तसेच आहे. पत्र्याचे दोन तुकडे जिथे एकावर एक ठेवून ठिपके-वेल्डिंगने जोडलेले असतात, तिथे त्यांच्या फटीत फवाऱ्याचा रंग शिरत नाही; ती फट सांधलेपाने बुजवावी लागते किंवा सबंध कवच विजेच्या साहाय्याने रंग बसवणाऱ्या हौदात बुडवावे लागते. हे टाळले तर बाहेरचा रंग कितीही गुळगुळीत असला तरी गंज आतून बाहेर येतो. जुन्या घाटाच्या स्कूटरीत आणखी एक खोड अशी, की फूटबोर्डवरच्या रबरी पट्ट्यांसाठी पाडलेली भोके रंगानंतर पाडलेली असली तर प्रत्येक भोकाची कड उघडी राहते आणि रबराखाली थांबणारे पाणी नेमके तिथेच मुरते.

बोल्टांच्या बाबतीत तर डोक्यावरचा आकडा वाचता आला तरी बरेच कळते. ८.८ असे कोरलेले असेल तर पहिला आठ म्हणजे तुटेपर्यंत सोसायची ताकद आठशे मेगापास्कल आणि दुसरा आठ म्हणजे त्या ताकदीच्या आठ-दशांशापर्यंत बोल्ट कायमचा ताणला जाणार नाही असा अर्थ. आकडाच नसेल तर त्या पोलादाविषयी काही गृहीत धरता येत नाही. मऊ बोल्ट पहिल्या सर्व्हिसला पान्याखाली गोल होतो किंवा त्याचे आटे जातात, मग तो छिन्नीने काढावा लागतो आणि त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमच्या खोबणीचेही आटे निघतात. वायरींचे दुखणे याहून फसवे असते. हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा प्रत्येक वळणाला वाकतो, आणि तो आखूड कापलेला किंवा धारदार कडेवर टेकलेला असला तर वरचे आवरण शाबूत राहून आतली तांब्याची तार तुटते. म्हणूनच इंडिकेटर डावीकडे वळताना लागतो आणि उजवीकडे वळताना विझतो, आणि मेकॅनिकसमोर गाडी सरळ उभी केली की सारे काही ठीक दिसते.

घाट आणि यंत्र यांची फारकत हेच एकमेव कारण असते, तर जुन्याच रचनेची, जुन्याच साच्यांवर घडवलेली नवी स्कूटर निर्दोष निघायला हवी होती. कानपूरच्या एलएमएल कंपनीची कहाणी तसे सांगत नाही. १९८०च्या दशकात पियाजिओच्या सहकार्याने वेस्पाच्या पी मालिकेतली स्कूटर बनवू लागलेली ही कंपनी १९९९ मध्ये भागीदारी संपल्यावरही तीच गाडी बनवत राहिली आणि २००३ पासून शिकागोची जेन्युइन ही कंपनी ती स्टेला या नावाने अमेरिकेत विकू लागली. पत्र्याचे मोनोकॉक कवच, हातात चार गिअर, दोन-स्ट्रोक इंजिन असा हा अस्सल ऐवज होता, आणि तरीही केबली, टायर आणि रबरी भाग बदलून घेण्याचा सल्ला जाणकार मेकॅनिक नव्या मालकाला सर्रास देत असत, कारण रचना इटालियन असली तरी क्लचची वायर कोणत्या पुरवठादाराची, हे रचना ठरवत नाही. शिवाय धुराच्या मर्यादा पाळण्यासाठी कार्ब्युरेटरचे मिश्रण विरळ ठेवलेले असे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. असे इंजिन जास्त तापते. त्यातच २००६ मध्ये कारखान्यात टाळेबंदी झाली. बंद पडून पुन्हा सुरू होणाऱ्या कारखान्यात साचे तेच राहतात, पण साचा कधी घासून घ्यायचा हे ज्यांच्या हातांना ठाऊक असते ते कामगार आणि वेळेवर माल देणारे पुरवठादार तेच राहतील याची खात्री नसते.

जुन्या स्कूटरी यापेक्षा भरवशाच्या होत्या काय, हा प्रश्न मराठी वाचकाला स्वतःच्या घरातूनच सोडवता येईल. भांडुपला जोडल्या गेलेल्या लॅम्ब्रेटा आणि पियाजिओचा परवाना १९७१ मध्ये संपल्यावर आकुर्डीत तयार होऊ लागलेली बजाजची चेतक यांवर इथल्या दोन पिढ्या वाढल्या. चेतक आडवी करून मग किक मारणे, काजळी धरलेला प्लग काढून घासणे, तुटलेली गिअर वायर रस्त्याच्या कडेला बदलणे हे सारे त्या गाडीच्या वापराचाच भाग समजले जाई. तेव्हा बिघाड कमी होते असे नव्हे. बिघाड डोळ्यांना दिसत असे आणि चौकातल्या कोणत्याही गॅरेजवाल्याच्या आटोक्यात असे. शिवाय वर्षानुवर्षे नंबर लावून मिळालेल्या वस्तूची निंदा करायला माणूस सहसा धजत नाही, हेही त्या आठवणींच्या गोडव्यात धरायला हवे.

आजच्या गाडीला तो मोकळेपणा परवडत नाही. युरोपात २०१७ पासून नव्या दुचाकींना युरो ४ आणि भारतात एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, तेव्हा धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, पेट्रोलचा पंप आणि त्यांना हुकूम देणारा संगणक जुन्या घाटाच्या पोटातही बसवावा लागला. १९७७ मध्ये आलेल्या वेस्पा पीएक्सचे उत्पादन युरो ४च्याच सुमारास थांबले. हे भाग भरपूर खपाच्या गाडीत लाखोंच्या चाचणीतून जातात. हौसेच्या, थोड्या खपाच्या गाडीत मात्र चाचणीचे काम बरेचसे पहिल्या ग्राहकांवरच पडते. बऱ्याच यंत्रांत बिघाड सुरुवातीला जास्त, मधल्या काळात कमी आणि अखेरीस पुन्हा जास्त असतात. आलेखावर ही रेषा न्हाणीच्या टबासारखी दिसते म्हणून अभियंते तिला बाथटब वक्र म्हणतात. तिचा पहिला उतार कारखान्यातच संपवायचा असतो, निदान विक्रेत्याने खोक्यातून काढलेल्या गाडीचा प्रत्येक बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळून आणि प्रत्येक जोड ओढून पाहून तो कमी करायचा असतो. बारीक आयातदाराच्या दुकानात हे काम आरसे बसवणे आणि बॅटरी जोडणे एवढ्यावर आटोपले, तर तो सगळा उतार मालकाच्या वाट्याला येतो.

वॉरंटी संपल्यावर एक उलटा प्रकार दिसतो. एलएमएलची दिवाळखोरी होऊन २०१८ मध्ये ती विक्रीस काढण्याचा आदेश झाला, तरी तिच्या स्कूटरींचे बरेच भाग पी मालिकेच्या वेस्पाशी जुळत असल्याने त्या आजही दुरुस्त होतात. जीवाय६ इंजिनाचे पिस्टन, पट्टे आणि कार्ब्युरेटर तर जगात कुठेही स्वस्तात मिळतात. मिळत नाही ते त्या गाडीचे कवच, कारण आयातदाराने नाव बदलले किंवा कारखान्याने साचा मोडीत काढला, की हँडलावरचे झाकण, बाजूचे पॅनेल, मीटरची काच आणि दिव्याभोवतीची ती क्रोमची कडी यांना वाली उरत नाही, आणि उत्तम चालणारे इंजिन पोटात असलेली स्कूटर एका तडकलेल्या पॅनेलपायी विम्याच्या हिशेबात भंगार ठरते.