ग्रासकटरच्या दुरुस्तीचा हिशेब

पेण-रोहे भागातील आंब्याच्या बागांतून व भातखाचरांच्या बांधांवरून जे टू-स्ट्रोक ग्रासकटर फिरतात, त्यांच्या दुरुस्तीखर्चाचे मूळ पुष्कळदा झिजेत नसून इंधनाविषयीच्या बेफिकिरीत असते. पेट्रोलमध्ये ठरल्या प्रमाणात ऑइल न मिसळल्यास पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. आणि त्या जोडीचा खर्च मजुरीसह नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर दुरुस्तीचा आग्रह सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्पार्क प्लग, एअर फिल्टर वा कार्ब्युरेटरचा डायफ्राम मात्र अल्प खर्चात बदलता येतो. डायफ्राम चिमटीत धरून पाहावा, कडक लागला तर तो बाद समजावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेतील पाणी शोषते. सबब हंगाम संपताच टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे.