प्लॅस्टिकची आठवण असते कुठे?

मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत कधी उकळतं पाणी ओतून बघितलंय? बाटली अंग चोरते, बुटकी होते, वाकडी होते. ती वितळलेली नसते बरं का. कारखान्यात टेस्ट ट्यूबएवढ्या एका जाड नळकांड्यात जोरात हवा भरून ती फुगवतात आणि ताणलेल्या अवस्थेतच गार करतात. ७०-८० अंशांच्या पुढे तापली की तिचे ताणलेले रेणू मोकळे होतात आणि जुन्या आकाराकडे निघतात.

पूर्ण मात्र पोचत नाहीत. ताणताना काही रेणू शेजारी शेजारी बसून बारीक स्फटिक झालेले असतात, ते एवढ्या उष्णतेला दाद देत नाहीत. म्हणजे बाटलीला आठवण आहे, पण अर्धवट.

पक्की आठवण बघायची तर पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वायरच्या जोडावर चढवायची हीट श्रिंक स्लीव्ह तिथे मिळते. बहुतेकदा ती पॉलिइथिलीनची असते. आपल्या कॅरीबॅगचंच खानदान. फरक आतल्या रचनेचा. इलेक्ट्रॉनचा मारा करून तिच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधलेल्या असतात. नंतर तापवून, फुगवून ती गार करतात. गार होताना तयार झालेले स्फटिक कुलपासारखे फुगलेला आकार धरून ठेवतात. तुम्ही हॉट एअर गन (खरं सांगायचं तर लायटर) फिरवता, स्फटिक वितळतात, कुलूप उघडतं आणि बांधलेल्या साखळ्या नळीला मूळ मापावर खेचून आणतात.

शेप मेमरी पॉलिमरचं सगळं गणित या दोन गोष्टींवर चालतं: न सुटणाऱ्या गाठी आणि तापमानाने उघडणारं कुलूप. गाठी नसतील तर प्लॅस्टिक नुसतं वाहून जाईल. फार झाल्या तर ते ताणलंच जाणार नाही. २००२ मध्ये आंद्रेआस लेंडलाइन आणि रॉबर्ट लँगर यांनी शरीरात विरघळणारा आणि उष्णतेने आपोआप आवळणारा टाक्याचा धागा दाखवला, तोही याच हिशेबावर.

एकच अडचण. असं नुसतं पॉलिमर मऊ असतं, त्याचा जोर कमी पडतो. म्हणून त्यात कार्बन फायबर घालून कंपोझिट करतात, आणि खरी गंमत तिथून सुरू होते. तापलेलं पॉलिमर दुप्पट ताणलं तरी चालतं. कार्बनचा तंतू मात्र दोन टक्क्यांच्या आसपासच तुटतो. म्हणजे तंतूंच्या दिशेने ओढायचं विसरा. मग वाकवायचं. वाकवताना घडीच्या आतल्या बाजूचे तंतू दाबले जातात आणि मऊ पॉलिमरमध्ये बारीक लाटांसारखे वळतात. लाटा सौम्य असतील तर तापवल्यावर तंतू पुन्हा सरळ होतात. घडी फार कडक घातली की ते तुटतात किंवा पॉलिमरपासून सुटतात, आणि मग तो तुकडा पूर्ण उघडत नाही. तंतू किती, कुठल्या दिशेने, पॉलिमरला किती घट्ट चिकटलेले, यावर सगळं ठरतं. ताकद वाढवायला जावं तर आठवण कमी होते. हा सौदा कुणालाच चुकलेला नाही.

अंतराळात हा सौदा फार महागात पडू शकतो, कारण तिथे अडकलेली बिजागरी सोडवायला मेकॅनिक नाही. चीनच्या हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या गटाने अशा कंपोझिटच्या जोरावर उघडणारं लवचीक सौर पॅनेल बनवलं. ते शिजियान-२० उपग्रहावर जानेवारी २०२० मध्ये उघडलं. मोटरची जागा तापवलेल्या कंपोझिटने घेतली.

तापवायचं कसं, हेही आतल्या रचनेतच दडलंय. कार्बन नॅनोट्यूब पुरेशा असतील आणि एकमेकींना टेकत असतील तर त्यांची साखळी जुळते, वीज वाहते आणि तुकडा आतूनच तापतो. त्यांचे गोळे झाले तर एक जागा भाजते आणि बाकीचा भाग गारच. लोहाच्या ऑक्साइडचे कण मिसळले तर बदलत्या चुंबकीय क्षेत्राने, म्हणजे हात न लावता तापवता येतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर असेल तर पीएलएच्या दोन पातळ पट्ट्या छापा: एकीत रेषा लांबीच्या दिशेने, दुसरीत आडव्या. ७० अंशांच्या पाण्यात मऊ करा, वाकवा, तशाच धरून गार करा, परत पाण्यात सोडा. दोन्ही सरळ व्हायला बघतील, पण आडव्या रेषांची पट्टी रेषांच्या जोडावर आधी तुटण्याची शक्यता जास्त. आणि लांब रेषांची पट्टी न वाकवता नुसती पाण्यात टाकलीत तरी थोडी आखडेल. छापताना नोझलने दिलेला ताण तिच्यात तसाच शिल्लक असतो.