भंगारातून आभाळात – ७ : पंखा कुठल्या टोकाला?

या आठवड्यात रिडक्शन गिअरबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण कोल्हापुरात क्रँक ग्राइंडिंगचं काम करणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. ते विचारतात, "बीटलचं इंजिन विमानाला लावतात म्हणता, मग पंखा बसवतात तो फ्लायव्हीलच्या बाजूला की पुलीच्या? क्रँकची दोन्ही टोकं सारखी नसतात." रोज क्रँक हाताळणाऱ्यालाच सुचावा असा हा प्रश्न आहे, आणि घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये त्यावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. माझ्या तर फार जिव्हाळ्याचा आहे.

मोटारीत क्रँकला मुख्यतः पीळ सोसायचा असतो. क्लच दाबला की तेवढ्यापुरता तो लांबीच्या दिशेने ढकलला जातो. त्याला आवरण्यासाठी एका मेन बेअरिंगला थ्रस्टचे काठ असतात. पंखा लावला की हे सगळं बदलतं. पंख्याची ओढ क्रँकमधून इंजिनात जाते आणि तिथून विमानाच्या सांगाड्यात, उड्डाण संपेपर्यंत अखंड. शिवाय फिरता पंखा हा जायरोस्कोप असतो. चालू हँड ग्राइंडर धरून मनगट वळवलं की तो भलत्याच दिशेला ओढ घेतो, तसंच इथे होतं. विमानाचं नाक वर उचललं की पंखा बाजूला वळू पाहतो आणि क्रँकचं टोक वाकवतो. क्रँक फिरता असल्यामुळे ज्या जागी आत्ता ताण आहे, तिथेच अर्ध्या फेरीनंतर दाब येतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्या धरा, म्हणजे धातू का थकतो ते कळेल.

आता बीटल. तिच्या क्रँकला चार मेन बेअरिंग. पहिलं फ्लायव्हीलच्या टोकाला आणि थ्रस्टही तिथेच. शिम घालून ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर एवढाच प्ले ठेवायचा. पहिल्या तिन्ही जर्नलचा व्यास ५५ मिलिमीटर, पण पुलीकडचं चौथं ४० मिलिमीटरचं आणि अरुंद. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये कॅमशाफ्टचा आणि डिस्ट्रिब्यूटरचा गिअर. मोटारीत त्या टोकाला पुली आणि पट्टा एवढाच भार, तेव्हा हिशोब चोख होता.

तरीही बीटलच्या इंजिनावर उडणाऱ्या कितीतरी विमानांत पंखा पुलीच्याच टोकाला आहे. कारण सोय. ते टोक निमुळतं, त्यावर विमानाचं नाक सुरेख बसतं. मागे फ्लायव्हीलच्या बाजूला स्टार्टर आणि मॅग्नेटोला जागा मिळते. सुरुवातीला पंख्याचा हब त्या टोकावर अर्धचंद्राकृती चावी आणि एक बोल्ट यांच्या भरवशावर बसवत. सिलिंडर पेटला की प्रत्येक वेळी क्रँकला झटका बसतो, चावी हळूहळू सैल होते आणि तिच्या खाचेच्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो. मग हब तापवून घट्ट चढवायची पद्धत आली, आणि पुढे चौथं बेअरिंगच मोठं करून हब त्यात फिरवण्याची. ही शेवटची युक्ती मला मनापासून आवडते, कारण ती दुखण्याच्या मुळाला हात घालते. तरी पुलीच्या टोकाला पंखा असेल तर तो लाकडीच हवा. धातूचा पंखा जड, त्याचा जायरोस्कोपी जोरही तेवढाच जास्त.

मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह गावच्या बर्नार्ड पीटनपोल यांनी मात्र दुसरं टोक निवडलं. १९२९ मध्ये फोर्ड मॉडेल ए चं इंजिन विमानात बसवताना त्यांनी त्याचं मागचं टोक पुढे केलं आणि पंखा फ्लायव्हीलच्या टोकाला लावला. मजबूत बेअरिंग तिथे होतं, थ्रस्टही तिथेच. मात्र एक बारकावा राहतो. क्लच क्रँकला इंजिनाच्या आत ढकलतो, तर पुढे बसलेला पंखा त्याला बाहेर ओढतो, म्हणजे भार थ्रस्टच्या दुसऱ्या काठावर येतो. जुनं इंजिन उघडलं की एकाच काठाची झीज बघून समाधान मानू नये, ते याचसाठी. त्या इंजिनाची ताकद २२०० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती. इतक्या संथ फेऱ्यांमुळे मोठा लाकडी पंखा थेट लावता येतो, मध्ये गिअर लागत नाही.

टोक बदललं की वैमानिकाचा पायही बदलतो. बीटलच्या पुलीवरचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून घड्याळाच्या उलट फिरतो. नेहमीच्या लायकमिंग इंजिनावर शिकलेला माणूस टेकऑफला सवयीने उजवा रडर दाबतो, तर इथे डावा लागतो. पहिल्या उड्डाणाआधी हे पायात भिनवलंच पाहिजे.

फ्लायव्हीलचं टोक निवडलं म्हणजे काम फत्ते, असं मात्र नाही. शेव्हरोले कोरव्हेअर (१९६० ते ६९) या मोटारीचं सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन पुढे पीटनपोल यांनीही वापरलं. त्याचा पंखा फ्लायव्हीलच्याच टोकाला बसतो. संथ विमानांत ते इंजिन उत्तम चाललं; पण २००० नंतरच्या दशकात वेगवान विमानांत क्रँक मोडू लागले. उपाय म्हणून क्रँकचं नायट्रायडिंग सुरू झालं आणि नंतर पंख्याशेजारी जास्तीचं पाचवं बेअरिंग आलं. वाकवणारा जोर आता ते बेअरिंग झेलतं, क्रँकपर्यंत पोचू देत नाही.

कोल्हापूरच्या वाचकांना त्यांच्या कामापुरतं एवढंच सांगतो. जर्नल आणि वेब जुळतात तिथला गोलवा ग्राइंडिंगमध्ये मारला गेला, तर मोटारीत तो क्रँक कदाचित वर्षानुवर्षं चालेल, पण पंख्याखाली तडा त्याच कोपऱ्यातून निघेल. भंगारातल्या क्रँकची आधी मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करावी, मग गोलव्याची त्रिज्या मोजावी, आणि मगच ग्राइंडिंगचा दगड लावावा. रिडक्शन गिअर आणि पट्टा यांचं प्रकरण पुढच्या आठवड्यात.