पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात उघडतात, तेव्हा ते का उघडले हे भोगावती नदीकाठच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पाणी ठरावीक पातळीला पोचले की दरवाजा उचलला जातो, सगळे डोळ्यांदेखत. मतदान यंत्राचे बटण दाबल्यावर आत काय घडते, ते मात्र कुणालाच दिसत नाही.

आज या यंत्रातल्या प्रोग्रॅमविषयी. तो चिपमध्ये एकदाच भरला जातो, यंत्राला इंटरनेट नसते. मते नोंदवणाऱ्या कंट्रोल युनिटला उमेदवाराचे नाव ठाऊक नसते, फक्त बटणाचा क्रमांक कळतो. कोणत्या मतदारसंघात कोण कितव्या क्रमांकावर, हे अर्ज माघारीनंतर ठरते. प्रोग्रॅम त्याच्या कितीतरी आधीचा. गडबडीच्या आरोपाला हा बचाव भक्कम होता. पण मताची चिठ्ठी छापणारे व्हीव्हीपॅट यंत्र आले आणि चिठ्ठीवर नाव व चिन्ह छापायचे म्हणून ती माहिती मतदानाआधी यंत्रणेत भरावी लागली. म्हणूनच 26 एप्रिल 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चिन्हे भरणारी युनिट्स सीलबंद करून निकालानंतर 45 दिवस जपून ठेवायला सांगितले.

प्रोग्रॅम जाहीर करा, अशी मागणी नेहमी होते. ती रास्त आहे, पण अपुरी आहे. कागदावर दाखवलेला प्रोग्रॅमच राधानगरीच्या एखाद्या वाडीवरच्या केंद्रातल्या चिपमध्ये आहे, हे बूथवरच्या एजंटाने ओळखायचे कसे? शिवाय 2010 मध्ये हरिप्रसाद, ॲलेक्स हाल्डरमन आणि रॉप गोंग्राइप या संशोधकांनी भारतीय यंत्रावर जे करून दाखवले, त्यात मूळ प्रोग्रॅमला हातही लावला नव्हता. आकडे दाखवणारा भागच बदलला, की निकाल बदलतो. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून चोरीला गेल्याच्या प्रकरणात हरिप्रसाद यांना अटक झाली. ते यंत्र व्हीव्हीपॅटच्या आधीचे होते आणि हल्ल्यासाठी ते हाती लागणे आवश्यक होते, हेही सांगायला हवे. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने 2009 मध्ये वेगळाच मुद्दा धरला : मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकाला पडताळता आले पाहिजेत.

आपल्याकडे ती सोय चिठ्ठीने झाली आहे. ती काचेआड सात सेकंद दिसते, मग पेटीत पडते. प्रोग्रॅम कसाही असो, कागद कागदच राहतो. फक्त तो मोजला पाहिजे.

प्रत्येक विधानसभा मतदारसंघात सोडत काढून पाच केंद्रे निवडतात आणि तिथला कागद मोजतात. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या 288 मतदारसंघांत मिळून 1440 यंत्रांचा असा ताळा घेतला आणि तफावत आढळली नाही, असे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. राज्यभर शेकडा पाच यंत्रे बिघडवली असती तर एवढ्या तपासणीत ती सुटणे जवळपास अशक्य. माझ्या मते व्यापक घोटाळ्याच्या आरोपाला हे ठोस उत्तर आहे.

पण एकाच मतदारसंघाचा हिशेब मांडून पाहा. समजा 400 केंद्रे आहेत आणि 20 यंत्रांत गडबड आहे. पाच केंद्रे उचलली, तर त्यातले एकही यंत्र हाती न लागण्याची शक्यता सुमारे 77 टक्के. मोठ्या मताधिक्याच्या लढतीत वीस यंत्रांनी काही बिघडत नाही. निकाल थोड्या मतांनी लागला, तर तेवढीच पुरतात.

विधानसभेच्या निकालावर शंका आल्याने माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडी गावाने 3 डिसेंबर 2024 रोजी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहायचे ठरवले होते. प्रशासनाच्या जमावबंदीने ते थांबले. झाले असते तरी शंका फिटली नसती, कारण निकाल कळल्यावर दिलेले मत वेगळे. गावाने खरोखर टाकलेली मते व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांवर होती. त्या गावासमोर मोजल्या असत्या, तर प्रश्न तिथेच मिटला असता.

म्हणून मागणी सरसकट शंभर टक्के मोजणीची नको. न्यायालयाने ती 2024 मध्ये नाकारलीही आहे. फरक जितका कमी तितकी जास्त केंद्रे मोजा, असा नियम हवा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2017 पासून राज्यभर हेच तत्त्व लावले आहे. चिठ्ठ्या यंत्राने मोजता येतील का, त्यावर बारकोड छापता येईल का, हे तपासायला न्यायालयाने त्याच निकालात निवडणूक आयोगाला सुचवले होते. ते झाले, तर वेळ लागतो ही सबब उरणार नाही.