घोड्याची चंदी आणि उकळीचा क्रम

वैद्यकांच्या स्मरणिकेत घोड्याच्या चंदीविषयी लिहावे, आणि तेही एका बालरोगतज्ज्ञाने, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ग्वाल्हेर हे शिंद्यांच्या घोडदळाचे शहर. पागा, मोतद्दार, तोबरा हे शब्द येथील मराठी घरांना परके नाहीत. वरातीसाठी घोडी पाळणारी कुटुंबे आहेत, हौसेने घोडे बाळगणारेही आहेत. केस तुकतुकीत व्हावेत आणि कोठा साफ राहावा म्हणून घोड्याला जवस, म्हणजे इकडची अलसी, देण्याची रीत जुनी आहे. रीत चांगली आहे. मात्र ती पाळताना क्रम चुकता कामा नये.

जवसाच्या दाण्यात लिनामरिन, लिनुस्टाटिन यांसारखी सायनाइडजन्य ग्लायकोसाइड्स असतात. त्याच दाण्यात त्यांचे विघटन करणारे एन्झाइमही असते. दाणा कोरडा व अखंड असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. तो दळून कोमट पाण्यात ठेवला की एन्झाइम कामाला लागते आणि हायड्रोजन सायनाइड निर्माण होते. म्हणजे जे कोमट पाणी आपल्याला निरुपद्रवी वाटते, तेच येथे सर्वांत घातक.

यावरून कृती ठरते. प्रथम मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळून उकळावे आणि मगच त्यात जवस टाकावे. झाकण न ठेवता निदान दहा मिनिटे मोठ्या आचेवर उकळू द्यावे. उष्णतेने एन्झाइम निकामी होते. हायड्रोजन सायनाइडचा उत्कलनबिंदू सुमारे २६ अंश सेल्सिअस असल्याने तयार झालेला वायूही वाफेबरोबर निघून जातो. म्हणून हे काम मोकळ्या हवेत करावे. नंतर मंद आचेवर दाणे फुटून चिकट खळ होईपर्यंत शिजवावे. मिश्रण उतू जाते, तळाला लागते, म्हणून ढवळत राहावे. थंड झाल्यावर कोंड्यात मिसळून त्याच दिवशी संपवावे. मोठ्या घोड्याला कोरडे जवस शंभर ग्रॅमच्या आसपास पुरे. सुरुवात त्याहून कमी प्रमाणात करावी.

घोड्याच्या जठरातील आम्ल या एन्झाइमला बरेचसे निष्प्रभ करते, त्यामुळे गायीम्हशींपेक्षा त्याला धोका कमी. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात असे आम्ल आरंभी नसते. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, तीही याच विषाने. तरीही कमी धोका म्हणजे अभय नव्हे.

आणखी एक सावधगिरी. रंगाच्या दुकानात मिळणारे ‘डबल बॉइल्ड’ जवस तेल नावाने उकळलेले असले, तरी ते लाकडासाठी असते. लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. ते जनावराला कदापि देऊ नये.

जवस खाल्ल्यावर श्वास जलद होणे, हिरड्या लालभडक दिसणे, थरथर, तोल जाणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकांना बोलवावे. सायनाइड पेशींची प्राणवायू वापरण्याची शक्तीच हिरावून घेते. रक्त लाल असूनही शरीर गुदमरते.

आता माझ्या क्षेत्राकडे वळतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये सायनाइडची एका वेळची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे २० मायक्रोग्रॅम ठरविली. विषाचा हिशेब वजनावर चालतो. घोडा चारशे किलोंचा, तर आपले वर्षाचे मूल नऊ-दहा किलोंचे. ओमेगा-३ च्या आकर्षणापायी कच्च्या जवसाची पूड कोमट पाण्यात वा दुधात कालवून तान्ह्यांना व लहानग्यांना देण्याचा मोह पालकांनी टाळावा. आपल्या आज्या चटणीसाठी जवस आधी खमंग भाजून घेत. त्यांना एन्झाइमचे नाव ठाऊक नव्हते, परंतु विस्तवाचे काम ठाऊक होते. पागेत काय आणि स्वयंपाकघरात काय, जवसाला आधी आच दाखवावी, मगच ते मुखी जावे.